शूटिंगवरून थेट हळदीकुंकवाला

मुलांनो, कोरियन गाणी म्हणणाऱ्या ताईचं पुढे काय झालं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. क्रमाने सांगते.

इथे कोलकात्यात, सॉल्ट लेकमध्ये आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर ती वाढली. तेव्हा सगळे तिला मुलगा समजत. मराठी मंडळाच्या गणपतीत ती गायची. कॉलेजात असताना तिने आईला एका कोरियन गायिकेचे व्हिडिओ दाखवले. त्या गायिकेलाही घरच्यांनी मुलगा म्हणूनच वाढवलं होतं. पुढे ती बाई म्हणून उघडपणे गायली, सिनेमांत कामं केली, आणि लोकांनी कुरकुरत का होईना तिला आपलं मानलं. "आई, मीही अशीच आहे," एवढंच आमची ही मुलगी म्हणाली.

आईने त्या गायिकेच्या मुलाखती खालची इंग्रजी वाक्यं वाचत पाहिल्या. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "तिची आई कुठे दिसतच नाही हो. तिला विचारायचं होतं, नातेवाइकांना कसं सांगितलंत म्हणून."

उपचार झाले, नवं नाव झालं. मुलगी हॉटेलांत कोरियन गाणी गाऊ लागली, आणि त्यातूनच तिला बंगाली मालिकेत काम मिळालं. पण बिऱ्हाड दुसरीकडे हललं, आणि मराठी मंडळींत दोघींनी येणं सोडलं. आई म्हणायची, "मला बोलले तर बोलू देत. पण चारचौघींत कुंकवाचा करंडा तिला टाळून पुढे गेला, तर मला नाही बघवणार."

यंदाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी दोघींना मुद्दाम बोलावलं. आई आधी एकटीच आली आणि दाराजवळ बसली. मुलगी शूटिंगमधून वेळ काढून यायची होती. बागबाजारच्या मावशी मधल्या खुर्चीवर होत्या. आमच्यात त्या सर्वांत वडील, आणि त्यांच्या जिभेला सगळ्याच टरकून असतात.

बेल वाजली. मुलगी सेटवरून तशीच आली होती, कारण परत जायचं होतं. मालिकेत ती नवी सून आहे. म्हणून भांगभर सिंदूर, हातांत बंगाली सुना घालतात तशा शंखाच्या पांढऱ्या आणि लाल बांगड्या. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. आईच्या हातातला आंबेडाळीचा चमचा वाटीतच राहिला.

मावशींनी चष्मा सारखा केला. "तू हिची ना गं? गणपतीत गायचीस ती?"

"हो, मावशी."

"तुझं सगळं कळलंय मला. पण हे नव्हतं कळलं." त्यांनी बांगड्यांकडे बोट दाखवलं. "लग्न केलंस आणि साधं बोलावणं नाही? का, बंगाली जावई म्हणून लपवलात?"

"अहो मावशी, लग्न मालिकेत झालंय! तेही मोडायला आलंय."

"का?"

"सासू छळते."

"आणि नवरा?"

"गप्प बसतो."

"मग मोडच," मावशी म्हणाल्या, आणि खोली हसण्याने भरून गेली. मग त्या माझ्यावर घसरल्या. "तू काय बघत बसलीस? लाव की पोरीला कुंकू."

मी हळदकुंकू लावलं, भिजवलेले हरभरे तिच्या पदरात घातले. तिने वाकून मला आणि मावशींना नमस्कार केला. मावशींनी आशीर्वाद दिला आणि वर बजावलं, "खऱ्या लग्नाला मात्र आठवण ठेव."

आई उठून बाल्कनीत गेली. तिच्या मागोमाग मी गेले, रडत असेल म्हणून. ती रडत नव्हती. खाली रस्त्यावर त्यांची गाडी उभी होती. कुणी टोचून बोललं तर दोघींना घेऊन लगेच निघता यावं, म्हणून मुलीचे वडील आईला सोडल्यापासून आतच बसून होते, गाडी चालू ठेवून.

"अहो," तिने वरून मोठ्याने हाक मारली, "बंद करा ती गाडी! वर या, पन्हं आहे."

बायकांत नको म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. पन्ह्याचा पहिला पेला त्यांनी एका दमात संपवला आणि दुसऱ्यासाठी पुढे केला.