माईकवर ठेवलेलं नाव

आमच्या गावच्या क्रिकेट क्लबात मी कधी खेळलो नाही. मला बॅट नीट धरता यायची नाही, पण बोलता यायचं, म्हणून माझ्याकडं माईक आला. मानवतच्या एका शाळेत मी मास्तर. कापसाची वेचणी उरकली की जानेवारीत गावातल्या पडीक जागेवर टुर्नामेंट भरायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून मी दिवसभर कॉमेंट्री करायचो. लोक मॅचपेक्षा तुमचं बोलणं ऐकायला येतात, असं कुणीतरी मला म्हणालं होतं. मी ते खरं धरून बसलो होतो.

क्लब नुसता खेळापुरता नव्हता. गावात लग्न निघालं की पंगती वाढायचं काम क्लबाच्या पोरांकडं. कुणी दवाखान्यात असलं की रक्त द्यायला परभणीला हीच पोरं जायची. त्यात एकजण सगळ्यांच्या पुढं असायचा. त्याचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. गावानं ते कधीच सोडून दिलंय, आणि त्याला कारण मी आहे.

हे घडलं तेव्हा तो सव्वीस-सत्तावीसचा असेल. घरात आई, चार एकर कोरडवाहू, आणि लग्नाचं वय. शेतीवरच्या पोराला आमच्याकडं मुलगी मिळणं किती अवघड झालंय, ते सांगायला नको. त्या वर्षी त्याला सेलूकडची सोयरीक आली. पोरगा चार माणसांत कसा असतो ते बघू, म्हणून पाव्हणे मुद्दाम फायनलच्या दिवशी आले. क्लबानं त्यांना शामियान्यात पुढच्या खुर्च्या दिल्या, चहा दिला. तो लाँगऑनला होता, म्हणजे शामियान्याच्या अगदी समोर.

शेवटचा बॉल राहिला होता. समोरच्यांना तीन रन हवे होते आणि त्यांचा शेवटचा गडी खेळत होता. त्यानं बॉल उंच मारला. तो सरळ आमच्या गड्याच्या डोक्यावर येत होता. असले कॅच तो रोज संध्याकाळी हसत हसत धरायचा. बॉल वर असतानाच मी माईकवर म्हणालो, "नवरदेव, नीट धरा, पाव्हणे बघायलेत."

त्याची मान जराशी वळली. बॉल हातांतून निसटून रेषेच्या पलीकडं गेला.

फायनल गेली. आता कुणीतरी माझ्याकडं बघेल, मधेच कशाला बोललाव म्हणेल, असं मला वाटलं. ते कुणी म्हणायच्या आत मीच म्हणालो, "हात हायेत का चाळणी?"

लोक हसले. फायनल गेल्याचा राग त्या हसण्यात जिरला. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. पुढं लोक म्हणायचे, सरांच्या तोंडून गमतीत निघून गेलं. तसं नव्हतं. मी स्वतःला वाचवायला बोललो होतो. ही गोष्ट मी बारा वर्षं कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

पाव्हण्यांचा नकार चार दिवसांनी आला. जमीन कमी पडली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण तो शेवटचा बॉल कुणीतरी मोबाईलवर घेतला होता आणि ती क्लिप माझ्या आवाजासकट गावोगाव फिरली. पुढची सोयरीक पाथरीकडची होती. बोलणी चालू असताना मुलीच्या भावानं विचारलं म्हणे, चाळणी म्हणतेत ते तुमीच का? हा पाटावरून उठला आणि बाहेर आला. त्यानंतर त्यानं सोयरीक घेऊन कुणाला दारात येऊ दिलं नाही. क्लिपमध्ये माझं आधीचं वाक्यही आहे. पण ऐकणारे शेवटच्या शब्दाचीच वाट बघतात.

तो क्लब सोडून गेला असता तर मला सोपं झालं असतं. तो गेला नाही. खेळणं बंद केलं, पण मैदान आखणं, मॅट अंथरणं, लग्नात वाढणं, सगळं करत राहिला. पंगतीतून कुणीतरी हाक मारायचं, "ए चाळणी, वरण इकडं." शेजारचा म्हणायचा, "चाळणीत वरण राहायलंय का रे?" तो बादली घेऊन यायचा आणि वाढून पुढं जायचा. नवरदेव त्याच्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान असायचे. मी त्याच पंगतीत जेवायचो. वर्गात मात्र पोरांनी एकमेकांना नावं ठेवली की मी त्यांना उभं करायचो.

मागच्या वर्षी त्याची आई गेली. मी बसायला गेलो. बायका आपसात बोलत होत्या, सून बघायची राहिलीच बिचारीची. मला तिथं बसवेना. दिवस झाल्यावर मी त्याच्या शेतात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मधेच बोललो ती माझी चूक, आणि तुला नाव ठेवलं ते ती चूक झाकायला. तो पाण्याचा पाईप जोडत होता. त्यानं जोड घट्ट आवळला. मग म्हणाला, "मला माहीत हाय, सर. त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"माईक तुमच्याकडं होता."

पाईपाचं तोंड सरीत ठेवून तो परत म्हणाला, "हितं शेतात सांगून काय व्हायलंय? तवा माईकवर बोललाव, आता बी माईकवरच बोला."

या जानेवारीत उद्घाटनाला मी माईक घेतला. शेतात सांगितलं ते सगळं कागदावर लिहून नेलं होतं. सुरुवात त्याच्या खऱ्या नावानं केली. नवी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं विचारलं, कोण हाय हे? मागून उत्तर आलं, "आरं, चाळणी." मग हशा. मी वाचत राहिलो, शेवटपर्यंत वाचलं. पण सरांची कॉमेंट्री सुरू झाली असं धरून लोक मधे मधे टाळ्या वाजवत होते. जुन्या गड्यांपैकी दोघं-तिघं तेवढे खाली मान घालून बसले. अध्यक्षांनी ऊन चढायलंय म्हणून मला आटपायला सांगितलं.

तो रेषा आखायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन रेषेवर उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"ऐकलं," तो म्हणाला. "लय उशीर केलाव, सर."

तेवढ्यात अंपायर आला. गावातलंच कोवळं पोरगं, शाळेतली मॅच सोडून पहिल्यांदाच उभं राहिलेलं. अदबीनं म्हणालं, "चाळणीकाका, रेषेच्या बाहेर व्हा बरं." त्यात काही चेष्टा नव्हती. तो घमेलं उचलून बाहेर झाला.