दुष्काळाच्या तुकडीची रांग

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेतही कधी धड शब्दांत नाही. शांतवनला जाऊन महिना उलटला. त्या दिवशी सकाळी चहा घेत होतो, तेव्हा त्याचा मुलगा टेम्पो तसाच चालू ठेवून दारात आला आणि म्हणाला, "सर, पप्पा गेले." नगरच्या दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नव्हता. संध्याकाळी मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, कारण मी त्याचा शिक्षक. मी बोललो. कष्टाळू होता, हसतमुख होता, शाळेवर त्याचा जीव होता... त्यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि त्या खऱ्याच्या आड मी पुन्हा एकदा लपलो.

शांतवन खर्ड्याकडचा. वडील लहानपणीच गेलेले. आमच्या मिशनच्या शाळेत बोर्डिंगला राहून तो अकरावीपर्यंत आला. तेव्हा अकरावीलाच मॅट्रिक असे. मी गणित शिकवणारा, नोकरीत नवा, आणि त्याचा वर्गशिक्षक. बहात्तरच्या दुष्काळाचं ते साल. बोर्डिंगात पाणी टँकरने यायचं, ताटात मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, आणि पुढच्या वर्षी बोर्डिंग बंद होणार अशी कुजबुज. हेडमास्तर एकदा एवढंच म्हणाले की निकाल शंभर टक्के लागला तर वरच्या मंडळींपुढे मला बोलायला तोंड राहील. कोणाला गाळा, असं ते म्हणाले नव्हते. ते मी माझ्या मनानेच ऐकलं.

शांतवनचं गणित कच्चं होतं. दिवाळीनंतर काही आठवडे तो आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता, ती सबब मला आयती सापडली. हजेरी भरत नाही, यंदा तुला परीक्षेला बसता येणार नाही, असं मी त्याला सांगितलं. हेडमास्तरांनाही तेच सांगितलं आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हजेरी भरत होती. मी दोनदा पाहून घेतलं होतं.

त्याची आई कामावरून तशीच आली, हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. वर्गाच्या पायरीखाली उभी राहून म्हणाली, "सर, म्या नेला त्याला खडीवर. चूक माझी हाय. पोराला कशापायी मागं ठेवता?" मी म्हणालो, "नियम आहे, बाई." तिने मान हलवली. नियमाशी कोण भांडणार...

निकाल शंभर टक्के लागला. वर्षाच्या कामगिरीचा समारंभ आमच्या शाळेत पूर्वीपासून होई, पण त्या साली तो गाजला. पटांगणात मांडव, पोरांचं ख्रिस्ती कीर्तन, पाहुण्यांची भाषणं, माझ्या गळ्यात हार. बोर्डिंग वाचलं. तिथे राहून पुढे कितीतरी मुलं शिकली, आणि यानेच मला जखडून ठेवलं आहे. खोटं बोलून काहीच साधलं नसतं तर कबूल करणं सोपं गेलं असतं. तेव्हापासून समारंभात जुने विद्यार्थी तुकडीवार रांगेत बसतात. एकेका तुकडीचा पुकारा होतो, मंडळी उभी राहतात, टाळ्या पडतात. "दुष्काळाची तुकडी, शंभर टक्के!" या पुकाऱ्याला टाळ्या सर्वांत जास्त, आणि दरवर्षी कोणीतरी मलाही हाताला धरून उभं करतं.

शांतवन पुन्हा वर्गात आला नाही. नगरला एका मंडपवाल्याकडे बांबू वाहू लागला, आणि पुढे त्याचा स्वतःचा मंडप झाला, लाउडस्पीकर झाला, टेम्पो झाला. आमच्या समारंभाचा मांडवही तोच घालू लागला. स्वभाव मोठा थट्टेखोर. माइकची तपासणी करताना मुद्दाम माझ्यासारखा घसा खाकरून "पाढे म्हणा" म्हणायचा, आणि सगळे शिक्षक हसायचे. तुकड्यांच्या रांगा तोच लावी. दुष्काळाच्या रांगेत दरवर्षी एक खुर्ची रिकामी राहायची. एकदा मी म्हणालो, "शांतवन, इथे एक जास्त झाली रे." तो वायर गुंडाळत होता. "असू द्या सर. कमी पडली तर मंडपवाल्याला नावं ठेवत्यात. जास्त झाली तर कुनाचं काय जातंय?" पुकारा झाला की तो लाउडस्पीकरच्या मशीनपाशी उभा राहून टाळ्या वाजवी. मी ती खुर्ची कधी काढायला लावली नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, भीतीपोटी.

मागच्या समारंभानंतर त्याने मला टेम्पोतून घरी सोडलं. ती आमची शेवटची भेट. दारात उतरताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, तवा बसलो असतो, तर पास झालो असतो का हो मी?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"तेच म्हंतो मी," तो हसला. "तुमालाबी म्हाईत न्हाई, मलाबी न्हाई." आणि त्याने गाडी वळवली. त्याला खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. नापास झाला असता तरी ते नापास होणं त्याचं स्वतःचं असतं. मी त्याला तेही मिळू दिलं नाही.

मातीनंतर त्याच्या घरी गेलो. खर्ड्याहून आलेली म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. मला तिने आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "सर, तवा म्या त्याला खडीवर नेला नसता तर पोरगं मॅट्रिक झालं असतं, न्हाई का?" इतकी वर्षं ती हे उराशी घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि काहीतरी पुटपुटलो. काय, ते मलाही आठवत नाही.

यंदाचा समारंभ या आठवड्यात आहे. परवा शांतवनचा मुलगा खुर्च्या उतरवायला आला, तेव्हा म्हणाला, "सर, दुष्काळाच्या रांगेत पप्पा एक जादा लावायचे. लावू का?" मी लाव म्हणालो. त्याने कडेला ती उघडून ठेवली, लोखंडी, घडीची, पाठीवर शांतवनच्या मंडपाचं नाव रंगवलेली. मी बराच वेळ तिच्याशेजारी उभा राहिलो, बसलो नाही.

हा मजकूर छापून येईल, पण शांतवनच्या आईला वाचता येत नाही. हजेरी भरत होती आणि चूक तिची नव्हती, हे खर्ड्याला जाऊन, तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडाने तिला सांगणं अजून बाकी आहे.