तिसरं दाभण

सोफ्यात दाभण राहिलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बायकोला सांगितलेलं नाही, अक्काला तर नाहीच. तसा मी माझ्या फजित्या लपवणारा माणूस नाही. दुसऱ्याच मांडवात पोटभर जेवून, आहेर देऊन, नवरदेवाला मिठी मारून आलो होतो — ही गोष्ट धुळ्यातल्या अर्ध्या देवपुराला पाठ आहे, कारण मीच ती चहासोबत वाटत फिरतो. पण माणूस आपल्या दहा फजित्या इतक्या मोठ्यानं का सांगतो, हे मला कधी कुणी विचारलं नाही. अकरावी झाकायला. दुसरं काय?

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट. शेजाऱ्यांची बदली झाली तेव्हा त्यांचा जुना सोफा आम्ही घेतला. रेक्झीन फाटलेलं, काथ्या बाहेर आलेला, एक स्प्रिंग तर पाहुण्याला बसू न देता उठवायची. बायको म्हणाली, मिस्तरीला बोलवा. मी बाबूमिस्तरीला एका घरी सोफा शिवताना पाहिलं होतं, अर्धा दिवस, उकिडवं बसून. आणि मला वाटलं होतं — यात काय आहे? आयुष्यात ज्या ज्या कामाबद्दल मला असं वाटलं, त्या प्रत्येक कामानं मला नंतर दाखवलं, त्यात काय आहे ते.

बाबूमिस्तरीचं कुशनचं दुकान सहाव्या गल्लीत. त्याचा नळजोडणीचा अर्ज तेव्हा नगरपालिकेत माझ्या टेबलावर पडून होता, त्यामुळे हत्यारं उसनी मागितली तेव्हा बिचाऱ्याला नाही म्हणता आलं नाही. हातोडी दिली, कात्री दिली, आणि तीन दाभणं — वीतभर लांब, पोटात किंचित वाकलेली. देताना माझ्या तळहातावर एकेक मोजून ठेवलं.

“रेक्झीन ठोकायच्या आधी मोजा, साहेब. आत राहिलेलं दाभण एका जागी राहत नाही. माणसं बसत-उठत राहिली की ते चालतं.”

मी हसलो होतो.

रविवारी सकाळी सुरुवात केली. गोणपाटाला स्प्रिंगा सुतळीनं बांधल्या, काथ्या पसरला, त्यावर फोम, त्यावर मरून रंगाचं रेक्झीन. मग चारी बाजूंनी चुका ठोकल्या — त्या बारीक, टोकदार खिळ्यांना चुकाच म्हणतात. मराठी भाषा कधी कधी फार स्पष्ट बोलते. दीडशे तरी ठोकल्या असतील. त्यातल्या पाचसात माझ्या अंगठ्यावर. संध्याकाळी सोफा उभा राहिला. थोड्या सुरकुत्या होत्या, पण लांबून राजेशाही दिसत होता. शेजारपाजारचे बघायला आले. बायको चहा घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, “दाभणं मोजली ना?”

“मोजली.”

खोटं नव्हतं ते. मोजली होती. दोन भरली होती.

चुका उपटायला किती वेळ लागला असता? अर्धा तास. पण समोर पाचजण कौतुक करत बसलेले — नव्या सोफ्यावरच बसलेले — त्यांना उठवून कसं सांगायचं? उद्या बघू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून तसंच एक दाभण विकत घेतलं आणि तीन पुरी करून मिस्तरीला नेऊन दिली. त्यानं तिन्ही उजेडात धरली, एक वेगळं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

“हे माझं नाही,” म्हणाला. “माझं कुठं आहे, ते तुम्हाला माहीत.”

आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले? तेव्हा गल्लीत टीव्ही आमच्याकडेच. सकाळची पौराणिक मालिका बघायला पंधरावीस माणसं यायची आणि पोरं सोफ्यावर उड्या मारायची. पडद्यावर बाण सुटायचा आणि इकडे माझ्या मांडीत कळ उठायची. सगळे यायच्या आधी मी तळहातानं गादी दाबून बघायचो — इंच इंच, हलक्या हातानं. कधी डाव्या बाजूला काहीतरी कडक लागायचं. पुढच्या आठवड्यात तिथं काही नसायचं. उजवीकडे लागायचं. ते चालत होतं. मग ज्या जागेचा संशय, तिथं मी स्वतः बसायचो. लोक म्हणायचे, बघा, घरमालक पहिली जागा सोडत नाही.

शूर वाटतं ना ऐकायला? थांबा.

दीड वर्षानं भाऊबीजेला मी तो सोफा अक्काला दिला. माझी थोरली बहीण, चाळीसगावला दिलेली. दाजी रेल्वेत, पगार बेताचा, आणि अक्का घरी बायकांचे ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावायची. टेम्पोतून सोफा उतरला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भावानं एवढी मोठी ओवाळणी घातली. मी धुळ्यात सांगत फिरायचो की सोफा मी स्वतः केला. चाळीसगावात सांगितलं, मोठ्या कारागिराकडून करून घेतला. ओवाळणीची किंमत वाढावी म्हणून. बायकोला बजावलं, घरी केलेला आहे म्हणू नकोस, अक्काला हलकं वाटेल.

का दिला? जागा नव्हती म्हणून, असं मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं. पण ज्या सोफ्यावर माझं पोरगं बसलं की माझा श्वास अडकायचा, तो मी बहिणीच्या घरी पोचवला. यापेक्षा वेगळं काही घडलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दाजींचं पत्र आलं. गादी आणि सोफ्याच्या हाताच्या मधल्या फटीत हात घालून अक्का झाडत होती, दाभण उजव्या हाताच्या मधल्या बोटात, थेट पेऱ्यात शिरलं. लग्नसराई होती. ब्लाउज वेळेवर द्यायचे म्हणून ती दोन दिवस तशीच शिवत राहिली. मग हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. दवाखान्यात बोट चिरलं. हात जातो की काय, असं आठ दिवस वाटत होतं, दाजींनी लिहिलं होतं.

पत्र वाचून बायकोनं माझ्याकडे पाहिलं. “मोजली होती ना?”

“मोजली होती. आधीच्या मिस्तरीचं असेल. शेजाऱ्यांच्या काळातलं.”

तिनं पत्राची घडी घातली. त्या दिवसापासून मला घरात साधा खिळाही ठोकू देत नाही.

हात वाचला. बोटही वाचलं — पण ते वाकत नाही. शिवताना सुई पुढे ढकलतं तेच बोट. आधी हातशिलाई बंद झाली, मग एकेक गिऱ्हाईक. मी भेटायला गेलो तेव्हा मशीनवर जुन्या लुगड्याचा तुकडा घातलेला होता. अक्कानं दाभण धुऊनपुसून जपून ठेवलं होतं. मला दाखवलं. मी हातात घेतलं — दुसरं काय करणार? पोटात किंचित वाकलेलं. ओळखीचं.

“ज्यानी हाई दाभण मझार ठेवं,” अक्का सोफ्याच्या आत बोट दाखवत शांतपणे म्हणाली, “त्याना हात झडी जावोत.”

आणि मी काय म्हणालो, तेही लिहितो. मी म्हणालो, “हल्लीचे कारागीर असेच.”

दाभण तिनं टाकलेलं नाही. गोधडी शिवायला शेजारणी नेतात आणि परत आणून देतात. सोफा अजून तिथंच आहे, त्याच मरून रेक्झीनमध्ये. दर भाऊबीजेला मी जातो, पाटावर बसतो. अक्का मधलं बोट कुंकवात बुडवते आणि ते बोट — ताठ, काठीसारखं — माझ्या कपाळाकडे येतं. मी डोळे मिटतो. लोकांना वाटतं, भक्तीनं. नंतर फराळाला कुणी सोफ्याकडे बघितलं की ती त्या कारागिराचा उद्धार करते, तेच शब्द, तोच शांत आवाज. मी चकली खातो. अलीकडे सकाळी उठल्यावर माझा उजवा हात बधिर असतो. डॉक्टर म्हणतात, मानेचा दोष आहे. मी मान डोलावतो.

या वर्षीही गेलो. बोट आलं, टेकलं, आणि कुंकू ओघळत पार भुवईपर्यंत गेलं. बायको हसून म्हणाली, “अक्का, टिळा वाकडा लागला.”

अक्कानं ताम्हण खाली ठेवलं. दोन पावलं मागे सरकून माझ्याकडे नीट पाहिलं.

“मन्हं बोट सरळच शे,” ती म्हणाली. “तुन्हं कपाळच वाकडं शे.”