बद्रीनाथांच्या घरी आलेला रोबो

देवगाव रंगारीचे बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीत बत्तीस वर्षं पाळीवर गेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी बजाजनगरच्या पुढं, नळ अजून न पोचलेल्या वसाहतीत दोन खोल्या बांधल्या. लेक श्रेया लग्न होऊन लांब गेली. घरात उरले ते आणि आवडाबाई. आवडाबाईंना विसरण्याचा आजार जडला, त्यात दुष्काळाचा उन्हाळा. टँकर आठवड्यातून एकदा यायचा.

"पाणी आलं का?" त्या दिवसभर विचारायच्या.

पाच वेळा बद्रीनाथ नीट सांगायचे, सहाव्यांदा खेकसायचे. मग आवडाबाई रिकामा हंडा पोटाशी धरून रडत बसायच्या.

आवडाबाईंना तपासणाऱ्या दवाखान्यातल्या सई नावाच्या नर्सनं दीड महिन्यासाठी एक रोबो आणून दिला. गुडघ्याएवढा, पांढरा, गोल डोळ्यांचा.

"आजी, अजून नाही आलं. आलं की सांगतो," तो म्हणायचा. चाळिसाव्यांदाही त्याच आवाजात. आवडाबाईंचं रडणं थांबलं.

पण बद्रीनाथांना त्या ओळखेनाशा झाल्या. "टँकरवालं दादा" म्हणायच्या. एकदा चहा आणताना ते दारातच थबकले. आवडाबाई रोबोला सांगत होत्या, "आमचं मानूस लई चांगलं. पन बोलत नाय. पाळीवरून येतं, जेवतं, झोपतं. मी भिंतीशी बोलते."

"मग तुम्हाला काय वाटतं, आजी?" रोबोनं विचारलं.

हा सवाल बद्रीनाथांनी बायकोला उभ्या जन्मात केला नव्हता. चहा निवला तरी ते आत गेले नाहीत.

मुदत संपली आणि सई रोबो घेऊन गेली. दोन दिवस आवडाबाई मोकळ्या कोपऱ्याकडं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ तिथं पाट टाकून बसले.

"पाणी आलं का?"

"अजून नाय. आलं की सांगतो."

पुढं काय बोलावं सुचेना, म्हणून ते कंपनीतलं सांगू लागले. मशीनचा कान किटवणारा आवाज. शेजारच्या मशीनवरचा पुंजाराम अचानक गेला ती सकाळ. त्या दिवशी ते सायकल स्टँडमागं रडले होते आणि घरी तोंड धुऊन आले होते.

आवडाबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या.

"घरी बायको हाय का, दादा?"

"हाय."

"मग तिला सांगा की हे. आमच्यासारख्या परक्याला काय सांगता?"

बद्रीनाथांनी मान डोलावली. मग पुंजारामचं राहिलेलं सांगू लागले.