दंडावरचं पांढरं बटण

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तुझं बटण कुठे गेलं?" मी म्हटलं, "पडलं." ते खरं नव्हतं. खरं काय ते इथे लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत मी फार सभ्य होते. शाळेत नन्सनी तसंच शिकवलं. म्हणून मराठीत. अडखळत वाचा, चालेल.

ते बटण म्हणजे साखर मोजायचं यंत्र. त्याच्या पोटातली केसासारखी तार दंडाच्या कातडीत शिरलेली असते. ती आकडा माझ्या फोनला कळवायची आणि माझा फोन तुमच्या बाबाच्या फोनला. आकडा फार वर किंवा फार खाली गेला की तिकडे तुमच्या घरात घंटा वाजायची.

बटण आलं ते एका करारातून. तुमचे आजोबा गेल्यावर बाबाचं म्हणणं पडलं की मी बसवनगुडीचं घर बंद करून शहराच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या एका इमारतीत राहायला जावं. तिथे नर्स आहे, लिफ्ट आहे, जेवण खाली तयार मिळतं. मी नको म्हटलं. बसवनगुडीत माझा भाजीवाला होता, माझी पहाटेची फेरी होती, खाली राहणाऱ्या अक्का होत्या आणि रिक्षात बसलं की चामराजपेटला माझं माहेर होतं. बरीच वादावादी झाली. शेवटी बाबा म्हणाला, "सरी. बटण लाव. साखर ताब्यात ठेवलीस तर राहा एकटी." सरी म्हणजे ठीक. एवढा एकच कन्नड शब्द त्याच्याकडे उरला आहे, तोही त्याने अट घालायला वापरला.

साखरेला मी हलकं समजत नाही. तुमच्या आजोबांना "थोडी शुगर आहे" असं आम्ही कितीतरी वर्षं म्हणत राहिलो. साखर दुखत नाही, हाच तिचा कावा. आधी त्यांच्या पायांची बोटं बधिर झाली, मग डोळे गेले, मग मूत्रपिंडं. म्हणून मी बटण मन लावून वापरलं. त्याने मला शिकवलंही. इडलीने माझी साखर झरकन चढते हे कळलं. नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, सगळे औषधासारखा सांगतात, पण भरपूर खाल्ला तर तोही चढवतो. आधी भाजी आणि उसळ, भात शेवटी आणि थोडा, असं जेवलं तर तोच भात निमूट राहतो. जेवून लगेच आडवं न होता गच्चीवर फेऱ्या मारल्या की चढलेली रेघ डोळ्यांदेखत उतरते. तापात साखर वाढते, झोप झाली नाही तरी वाढते. हे सगळं मी स्वतः ताडून पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी माझी एक गोळी कमी केली.

पण आकडा बाबाकडेही जात होता.

पहाटे काही न खाताच माझी साखर चढायची. तसं पुष्कळांचं होतं. उठायच्या आधी यकृत स्वतःहून साखर सोडतं. फोन यायचा, "आई, रात्री काय खाल्लंस?"

"काही नाही."

"आई, खोटं बोलू नकोस. मला दिसतंय."

माझ्या पोटचा मुलगा. यकृताचं मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हो का," आणि त्या स्वराने मला कळलं की माझं पटलेलं नाही.

गौरीच्या दिवशी चामराजपेटला भावाकडे जेवायला गेले होते. अर्धी पुरणपोळी घेतली, भात वगळला. पोळी पोटात जाऊन फार वेळ झाला नव्हता, अजून पंगतीतच बसले होते, तोच फोन. ऐकायला कमी येतं म्हणून मी तो स्पीकरवर घेते. "आई, काय चाललंय तिथे?" ते सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. मग माझी भावजय म्हणाली, "वन्सं, तुमचा घास अमेरिकेत वाजतो की हो!" सगळे हसले. मीही हसले. ताटातली भाजी तशीच टाकून उठले आणि त्यानंतर सणाला कुणाकडे जेवायला गेले नाही. बाबा खूश झाला. म्हणाला, "बघ, किती छान कंट्रोल आलाय."

मग ती दुपार आली. उजवा खांदा दुखत होता म्हणून मी डाव्या कुशीवर झोपले. बटण डाव्या दंडावर. दंड अंगाखाली दाबून झोपलं की त्या तारेपाशी कातडीतलं पाणी पोचत नाही आणि यंत्राला वाटतं, साखर संपली. हे त्याच्या खोक्यातल्या कागदावर छापलेलं आहे. मी वाचलं होतं, बाबाने नव्हतं. फोन स्वयंपाकघरात वाजला असणार. मला दार लोटल्यावर काही ऐकू येत नाही. तिकडे रात्र होती. घंटेने तुमचं सगळं घर जागं झालं, ते तुम्हाला आठवत असेल. बाबाने मला फोन केले, मी उचलले नाहीत. मग त्याने खालच्या अक्कांना उठवलं.

मला जाग आली ती कडी तुटल्याच्या आवाजाने. अक्का, वॉचमन आणि वॉचमनचा हातोडा, सगळे माझ्या खाटेशी. मी नुसत्या परकरात. अक्का ओरडत होत्या, "एळी अक्का, एळी!" म्हणजे उठा, मलाही त्या अक्काच म्हणतात, आणि मला उठवून बसवता बसवता त्यांनी गुळाचं पाणी तोंडात ओतलंसुद्धा. निम्मं नाकात गेलं.

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"असंच वाटतं हो. माझ्या दिरालाही असंच वाटलं होतं," अक्का म्हणाल्या आणि आणखी एक घोट ओतला. त्यांचा दोष नाही. शेजारधर्माला त्या धावून आल्या.

मी लुगडं गुंडाळलं आणि साबणाने हात धुतले, कारण बोटाला गूळ असला तर आकडा खोटा येतो. बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला. एकशे अडतीस. अक्कांच्या फोनवर बाबा होताच. मी आकडा सांगितला.

"ते गुळाच्या पाण्यामुळे," तो म्हणाला.

"अरे, आत्ता प्यायलेला गूळ यंत्राने दाखवलेल्या पन्नासावरून इथवर एका दमात नेईल? आणि मी घेते त्या नुसत्या गोळीने साखर एवढी पडत नाही. डॉक्टरीणबाईंना विचार."

त्याने विचारलं. त्यांनी त्याला दंड दाबल्याचं सगळं समजावलं. तो त्यांना थँक्यू म्हणाला आणि मला म्हणाला, "ठीक आहे, या वेळी काही नव्हतं. पुढच्या वेळी खरंच झालं तर?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. तुमचा बाबा वाईट माणूस नाही. त्या रात्री तो भ्याला होता, हे मला त्याच्या आवाजात ऐकू आलं. पण साखर ताब्यात ठेवलीस तर राहा, असं ठरलं होतं. मी ठेवली होती. ठरलेलं मोडलं ते माझ्या साखरेने नव्हे.

सुट्टी काढून तो आला आणि घर आवरून गेला. कडी दुरुस्त केली ती भाडेकरूंसाठी.

आता मी त्या इमारतीत आहे. खिडकीतून खांबांवरचा उंच रस्ता दिसतो, त्यावरून कामाला जाणारी पोरं जातात. नर्स आहे, लिफ्ट आहे. सकाळी इडली किंवा उप्पीट, दुपारी पांढऱ्या भाताचा डोंगर, बटाट्याची पल्या, म्हणजे भाजी, आणि तीही चमचाभर. "भाजी जास्त वाढा," म्हटलं तर वाढणारी बाई म्हणते, "स्वल्प अड्जस्ट माडी, अम्मा," म्हणजे थोडं चालवून घ्या. आले त्याच आठवड्यात माझी साखर कधी नव्हती इतकी चढली. फोन आला नाही. वाटलं, कामात असेल. दुसऱ्या दिवशीही चढली. फोन नाही.

मग एका रविवारी जेवणात पायसम होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या. आयुष्यात पहिल्यांदा हावरटासारखं, जाणूनबुजून. खोलीत आले, फोन मांडीवर घेतला आणि रेघ चढताना बघत बसले. ती चढली, माथ्यावर गेली, तिथेच रेंगाळली. फोन वाजला नाही.

संध्याकाळी मीच केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अरे, माझे आकडे दिसतात ना तुला?"

"घंटा बंद केली मी, आई. आता काय, तिथे माणसं आहेत ना. तूही निवांत, मीही."

फोन ठेवला आणि व्हरांड्यात चालायला लागले. पाय दुखेपर्यंत चालले, कारण साखर माझी होती. मग खोलीत येऊन दंडावरचं बटण उपटलं. बारीकसं रक्त आलं, तेवढंच.

साखर मी अजून मोजते, बोटाला टोचून. भात अर्धा परत पाठवते. अक्का आल्या की गाजर-काकडी आणतात, ती आधी खाते. तुमच्या पणजोबांना साखर होती, आजोबांना होती, मला आहे. तुमच्या बाबाने रक्त तपासून घेतलं का, ते त्याला विचारा. आम्ही "थोडी आहे" म्हणत वर्षं घालवली तशी त्याने घालवू नयेत.

आणि बटण पडलं नाही, आजीने काढलं, हेही सांगा त्याला. अजून त्याच्या ध्यानात आलेलं नाही. तुमच्या आलं.