काचेपाशी झेंडू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेलो, तर युरोपातल्या एका जुन्या तलवारीच्या कपाटापाशी झेंडूचं फूल सुकत पडलं होतं. तलवारीच्या मुठीवरचं चामडं एके जागी झिजलं होतं. तिथं कुणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षं टेकला असणार. आता तिला उघडा हात लावायचा नाही. घामानं पातं गंजतं.

"परक्यांच्या तलवारीचीही पूजा?" देखभाल करणाऱ्या काकांना मी विचारलं.

"वर्षभर हातमोजे घालून मीच पुसतो तिला. हत्यार ते हत्यार."

"मागता काय तिच्याकडं?"

"अशीच पडून राहा म्हणतो."

मी तर घरच्या पूजेत दरवर्षी यशच मागत आलो होतो.

निघताना काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा दिसला. काकांनी तो फडक्यानं पुसून टाकला.