कुंताबाईला ग्रुपमधून काढलं

आमचं खैरबोडी गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. अर्धी माणसं नव्या गावठाणात राहायला गेली, काही भंडाऱ्याला, मी शहापूरला, पोरं नागपूर-पुण्याला. सगळं गाव एका जागी भेटतं ते आता फक्त मोबाईलवर, 'खैरबोडी परिवार' नावाच्या ग्रुपमध्ये. एकशे बहात्तर माणसं आहेत त्यात. कोणाकडे बाळ झालं, कोणाची सोयरीक जुळली, कोण दवाखान्यात आहे, सगळं तिथंच कळतं. तर अशा ग्रुपमधून माझ्या मैत्रिणीला, कुंताबाईला, काढून टाकलं. आणि गाव गप्प बसलं. मीही बसले, हे आधीच सांगून टाकते.

कुंताबाई नव्या गावठाणात राहते. तिचं माहेर आणि सासर दोन्ही खैरबोडीच. सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली तिनं. अंगणवाडीच्या बायांना मोबाईल वाटले, पोरांची वजनं त्यात भरायला लावली, तेव्हा बाकीच्या बाया रडकुंडीला आल्या होत्या. कुंतानं आठ दिवसांत तो फोन आतून-बाहेरून पाहून घेतला. पुढे ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर चालवणारा पोरगा नोकरी सोडून गेला आणि कॉम्प्युटर धूळ खात पडला. कुंता रोज दुपारी जाऊन त्याच्यासमोर बसायची. सरपंच म्हणाले, "कुंताबाई, बिघडला तर?" ती म्हणाली, "आता कोणता चालू आहे तो?"

तिची शिकवायची पद्धत न्यारी होती. ग्रुपमध्ये कोणी विचारलं की पीडीएफ उघडत नाही, ओटीपी येऊन नाही राहिला, तर ती वहीच्या कागदावर मोबाईलचा पडदा जसाच्या तसा काढायची. वर बॅटरी, खाली बटणं, सगळं. आणि जिथं दाबायचं तिथं कुंकवाचा ठिपका लावायची. दोन-तीन ठिकाणी दाबायचं असेल तर ठिपक्याशेजारी आकडे. मग त्या कागदाचा फोटो ग्रुपवर. ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही त्या म्हाताऱ्यांनीही हयातीचे दाखले मोबाईलवर काढले, ते त्या कुंकवाच्या ठिपक्यांवर.

आणि ती जोक टाकायची. लोक पुण्या-मुंबईकडून आलेले जोक पुढे ढकलतात तसं तिचं नसायचं. आलेला जोक ती आपल्या बोलीत फिरवायची, त्यात आपल्याकडचं माणूस घालायची, मग टाकायची. रोज सकाळी एक. तिच्या जोकाला सगळ्यात आधी हसायचे ते मारोतभाऊ. आमचे जुने पोलीस पाटील. गाव उठलं तेव्हा 'माणसं तरी एका धाग्यात राहू द्या' म्हणून पोराच्या, प्रविणच्या, मागे लागून हा ग्रुप त्यांनीच आपल्या फोनवर बनवून घेतला होता. एखाद्या दिवशी जोक आला नाही तर त्यांचा आवाज यायचा, "कुंते, आज चहा पचून नाही राहिला व. पाठव काही."

तेच मारोतभाऊ मागच्या भाद्रपदात गेले. सकाळी बसल्या जागी.

आता त्या दिवशी काय झालं ते नीट सांगते, कारण पुढे कोणी नीट ऐकूनच घेतलं नाही.

नव्या गावठाणात रेंज नाही. घरं दिली, रस्ते आखून दिले, पण फोन लागतो तो फक्त खिडकीत, तोही ठरलेल्या जागी. म्हणून तिथं प्रत्येक घरात खिडकीच्या चौकटीला एक खिळा आहे. त्याला पिशवी अडकवायची आणि पिशवीत फोन ठेवायचा. काही पाठवायचं असेल तर लिहायचं आणि फोन खिळ्याला लावून द्यायचा. रेंज आली की जाते आपोआप. कुंतानं त्या दिवशी सकाळी सातला जोक लिहिला, पाठवायचं बटण दाबलं, आणि फोन ओट्यावरच राहिला. साडेनऊला शेजारीण सांगत आली, मारोतभाऊ गेले. कुंता होती तशी निघाली. दिवसभर ती मारोतभाऊंच्या घरीच होती. त्यांच्या बायकोला, धुरपतावहिनींना, तिनंच धरून ठेवलं होतं, शहापूरहून पोचल्यावर मी डोळ्यांनी पाहिलं. प्रविण नागपूरहून येईपर्यंत आल्यागेल्याला पाणी देणारी तीच.

इकडे प्रविणनं वाटेतूनच ग्रुपवर बातमी टाकली. खाली श्रद्धांजल्या सुरू झाल्या. आणि बाराच्या सुमारास कुंताच्या सुनेनं ओट्यावरचा फोन उचलून, चांगल्या मनानं, खिळ्याच्या पिशवीत ठेवला.

पन्नास-साठ हात जोडलेल्या चित्रांच्या खाली सकाळचा जोक येऊन पडला:

"म्हातारा म्हणते, मी मेल्यावर तू काय करशीन वो? म्हातारी म्हणते, पहिले टीव्हीचा रिमोट शोधीन. तुमच्या उशीखालीच असन."

संध्याकाळी कुंतानं फोन हातात घेतला तेव्हा ती ग्रुपमध्ये नव्हती. प्रविणनं काढलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, "अशा संस्कारहीन लोकांना आपल्या परिवारात जागा नाही." आणि त्याला एक्केचाळीस अंगठे.

बापाचा देह अंगणात ठेवलेला असताना पोराचं डोकं ठिकाणावर नसतं, हे मी समजते. त्या दिवसाचं मी त्याला बोलत नाही. पण ते एक्केचाळीस अंगठे कोणाचे होते? त्यातल्या निम्म्यांच्या घरचे कागद कुंतानं काढून दिले होते. खिळा त्यांच्याही खिडकीला आहे. सकाळचं दुपारी जातं, हे त्या गावठाणात लहान लेकरालाही ठाऊक. तरी एकानं म्हटलं नाही की बाबा, थांब.

तीन आठवड्यांनी मी प्रविणला फोन लावला.

"आत्या, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी मध्ये नाही पडत. रेंजचं सांगते आहे फक्त. तू स्वतः त्या घरात राहिला आहेस."

"कारण काही असो. लोकांनी वाचलं ना? माझ्या ऑफिसातले आपल्या गावचे दोघं आहेत ग्रुपमध्ये. काय इज्जत राहिली आमची?"

"तुझ्या आईला पाणी कोण पाजत होतं त्या वेळेला?"

तो म्हणाला, "ठीक आहे. त्यांनी माफीनामा लिहून द्यावा. मी ग्रुपवर टाकतो, मग घेतो."

माफीनामा. जसं काही ग्रामपंचायतीचा दिवा चोरला तिनं.

मी गावठाणात जाऊन कुंताला सांगितलं. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माफी मागायची तर मारोतभाऊले मागीन. त्या दिवशी मागितलीही, त्यायच्या पायाशी बसून, तेव्हा तर मले जोकाचं ठाऊकही नव्हतं. असंच, सगळ्यासाठी. प्रविणले काहून मागू?"

"मग ग्रुपात येणं नाही होणार, कुंते."

"नाही तर नाही."

असं म्हणाली खरी. पण निघताना मला विचारलं, "उषे, गोपीचंदच्या पोरीचं काय झालं व? पाहायले येणार होते ना?" मी सांगितलं, ठरलं. दोन आठवडे झाले. तिच्या चेहऱ्याकडे मला पाहवलं नाही. तीन घरं सोडून राहणाऱ्या गोपीचंदच्या पोरीचं लग्न ठरलं आणि तिला माहीत नाही. आताशा घरोघर जाऊन कोण सांगतं? ग्रुपवर टाकलं की सांगितलं.

बरं, ग्रुपमधून काढलं म्हणून लोकांची कामं थांबली का? उलट वाढली. आता प्रत्येक जण तिला वेगळं विचारायचा. चुपचाप. पुण्याहून एकानं लॅपटॉप सारखा अडकतो म्हणून तासभर डोकं खाल्लं. एकाचा प्रिंटर सगळं निळंच छापत होता. तीही सांगत राहिली, कागद काढत राहिली, कुंकू लावत राहिली. मी म्हटलं, "बंद कर ना हे." तर म्हणाली, "त्यायचं काम अडलं आहे, उषे. अडल्या माणसाशी कायचं भांडण?"

पण गोपीचंदनं जे केलं ते मी विसरणार नाही. शेतकऱ्यांची धानविक्रीची नोंदणी मोबाईलवर करायची होती आणि सगळे अडकले होते. गोपीचंदनं कुंताला विचारलं. तिनं कागद काढून फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच फोटो ग्रुपवर. वर लिहिलेलं, "मित्रांनो, असं करा, होऊन जाते." कुंताचं नाव नाही. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या, 'वा गोपीचंदभाऊ' केलं. कुंकवाचे ठिपके लाल-लाल दिसत होते आणि एकाही माणसाला ते ओळखू आले नाहीत, असं मला कोणी सांगू नये. सगळ्यांना आले. ज्या घरात बसून मी हे पाहत होते, त्या घरात देवासमोर दिवा लावलेला होता. मला वाटलं, मी रोज सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसते, डोळे मिटते, आणि एक ओळ लिहायला मला महिना लागतो?

मी लिहिलं. "हा कागद कुंताबाईचा आहे. नाव टाकायला पाहिजे होतं." पाच मिनिटांनी कोणीतरी नागपूरच्या उड्डाणपुलाची बातमी टाकली आणि माझं वाक्य वर सरकून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गावठाण गाठलं आणि सरळ धुरपतावहिनींकडे गेले. वहिनी खिडकीला लागलेल्या पलंगावर बसल्या होत्या. शेजारी खिळ्याच्या पिशवीत मारोतभाऊंचा फोन चार्जिंगला. वहिनींना वाचता येत नाही, पण फोन त्यांनी चालूच ठेवला होता. टुंग वाजलं की घरात माणूस असल्यासारखं वाटतं म्हणे.

मला पाहून पहिलं तेच विचारलं. "कुंता काहून येत नाही व आता? तेरवीपर्यंत रोज येत होती. माझ्यावर रागावली का?"

म्हणजे प्रविणनं आईला काहीच सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं.

"काय होता तो जोक?"

"राहू द्या वहिनी."

"वाच."

मी वाचला. वहिनींनी पलंगाच्या गादीवर हात फिरवला. मग म्हणाल्या, "उशीखालीच ठेवत होते. मले सीरियल पाहू नाही देत होते." आणि हसल्या. पदर डोळ्यांना लावला, पण हसल्या होत्या, मी पाहिलं.

"तिले परत कसं घेतात?"

"ते प्रविणच्या हातात आहे. ज्यानं ग्रुप बनवला, जो अॅडमिन आहे, त्यालाच घेता येतं."

"ग्रुप तर यायनं बनवला," वहिनींनी मारोतभाऊंच्या फोनाकडे बोट दाखवलं.

मी मारोतभाऊंचा फोन उघडला. खरंच होतं. आमच्या ग्रुपमध्ये गेलेल्या माणसाचा नंबर कोणी काढत नाही, मन होत नाही कोणाचं. तसा मारोतभाऊंचा नंबर होता, आणि नावापुढे अॅडमिनही लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, या फोनवरून होते. मी दाबू?"

"तू काहून? दाखव कुठं दाबायचं ते."

म्हातारीचं बोट कोरडं, काचेवर उमटेना. पदरानं पुसलं, परत दाबलं. कुंताचं नाव शोधून मी दाखवलं, त्यावर बोट ठेवलं, मग हिरव्या खुणेवर. आणि एकशे एकाहत्तर माणसांच्या फोनवर एकाच वेळी उमटलं की मारोतरावांनी कुंताबाईला जोडलं.

एका म्हाताऱ्यानं लगेच 'ॐ शांती' लिहिलं. पुण्याच्या एकानं विचारलं, "हे कसं काय?" आणि मग दोन मिनिटांत प्रविणचा फोन. वहिनींनी तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावला.

"आई, बाबांच्या फोनला कोणी हात लावला?"

"मी लावला."

"आई, लोक काय म्हणतील? गेलेल्या माणसाच्या नंबरवरून..."

"तो माणूस माझा होता. फोन त्याचा, ग्रुप त्यानं बनवला. तू बापाच्या नावानं जिले काढलं, ती तुझा बाप पडला होता तेव्हा माझ्यापाशी होती. तू कुठं होता?"

"मी गाडीत होतो ना, आई."

"गाडीत बसून मोबाईल पाहत होता. आता परत काढशीन तर मी परत घेईन. उषानं शिकवलं मले."

प्रविणनं फोन ठेवला. परत काढलं नाही. पण एका ओळीत 'चूक झाली, काकू' लिहायला काय जात होतं? आज सात महिने झाले, लिहिलं नाही. ते एक्केचाळीस अंगठे तर अजूनही तिथंच आहेत. वर सरकवत गेलं की दिसतात.

त्या दिवशी मी वहिनींकडून निघून कुंताकडे गेले. पिशवी खिळ्याला रिकामीच होती. ती पिशवीपाशी उभी, हातात फोन, वाचत होती. मला वाटलं, कोणी तरी लिहिलं असेल, ये बाई, बरं झालं आलीस. मी वाकून पाहिलं. गोपीचंदनं लिहिलं होतं, "कुंताबाई, आल्या का? नोंदणीत आधारचा नंबर घेऊन नाही राहिला. पाहा जरा."

एवढंच. ना राम राम, ना काही.

मी म्हटलं, "उत्तर देऊ नको."

ती वही घेऊन खाली बसली होती. कागदावर चौकोन काढला, त्यात बारीक-बारीक बटणं काढली. करंडा उघडला. मी रागानं बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आता ती ग्रुपमध्ये आहे. विचारलेल्याचं उत्तर देते, कोणी गेलं तर हात जोडते, बारसं-लग्न कळलं की अभिनंदन लिहिते. जोक टाकत नाही. मागच्या आठवड्यात गोपीचंदनंच विचारलं, "कुंताबाई, आजकाल हसवत नाही तुम्ही." त्यावर वीस जणांनी 'हो ना' म्हणून अंगठे दिले. कुंतानं वाचलं आणि फोन पिशवीत ठेवून दिला.